ते टेबल आमचं होतं

मंडळी, समर आला की आपल्या ग्रुपांवर दोन विषय हमखास येतात. एक म्हणजे यंदा आंब्याची पेटी कुठे चांगली मिळाली. आणि दुसरा म्हणजे ओपन-एअर कॉन्सर्टला जाताना पार्किंग लॉटमध्ये काय चालतं, काय चालत नाही.

परवा कोणीतरी एका ठिकाणच्या नियमांची यादी टाकली. टेबल नाही, खुर्ची नाही, ग्रिल नाही, तंबू नाही, दारू नाही, खाणं-पिणं नाही. गाडी लावा आणि सरळ गेटकडे चला. त्याखाली मेसेजचा पाऊस. "आत सहा डॉलरचं पाणी विकायचंय ना, म्हणून हे धंदे." "बरं झालं, पिऊन धिंगाणा घालतात नुसते." "पूर्वी किती मजा यायची!" "आपल्या घरच्या पुऱ्यांनी यांचं काय घोडं मारलं?"

मी त्यात काहीच लिहिलं नाही. बोलायला नव्हतं असं नाही. उलट या विषयावर माझ्या मनात गेली काही वर्षं एक गोष्ट सलते आहे आणि ती ग्रुपवरच्या दोन ओळींत मावणारी नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी अलीकडे आलेल्यांसाठी. टेलगेट म्हणजे पिकअप ट्रकच्या मागची, खाली पडणारी फळी. स्टेडियमच्या किंवा कॉन्सर्टच्या पार्किंगमध्ये तीन-चार तास आधी पोचायचं, ती फळी खाली पाडायची किंवा आपल्या एसयूव्हीची डिकी उघडायची, आणि तिथेच खाणं, पिणं, गाणी, पत्ते, गप्पा. हे टेलगेटिंग. (हायवेवर पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून गाडी हाकतात, त्यालाही टेलगेटिंगच म्हणतात. त्या मंडळींवर स्वतंत्र पोस्ट लिहीन.)

ही हौस या देशात जुनी आहे. 1861 च्या जुलैमध्ये यादवी युद्धातली बुल रनची पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा वॉशिंग्टनचे लोक जेवणाच्या टोपल्या घेऊन लढाई बघायला गेले होते! सैन्य पळायला लागल्यावर हेही टोपल्या टाकून पळाले. आणि कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना म्हणतात तो तर आपल्या शेजारीच झाला, न्यू ब्रन्सविकला, 6 नोव्हेंबर 1869 ला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. टेलगेटिंगची सुरुवात तिथूनच झाली असं सांगणारेही आहेत. खरंखोटं सोडा, पण गाडी सोडायची आणि तिच्या सावलीत जेवायला बसायचं, ही कल्पना आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या जत्रांमध्ये लोक बैलगाड्यांनी येत. बैल सोडले, जू टेकवलं, तीन दगडांची चूल मांडली आणि गाडीच्या आडोशाला भाकऱ्या सुरू. रात्री तमाशा. मला विचाराल तर टेलगेटिंगच ते, फक्त डिकी नव्हती.

म्हणूनच आपल्या लोकांना हा प्रकार इथे आल्या आल्या आवडतो. बाकीच्या अमेरिकन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो, ही लागत नाही.

आता ती सलणारी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही चार कुटुंबं एका मोठ्या खुल्या रंगमंचावर कॉन्सर्टला गेलो होतो. जागेचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्या जागेची नव्हती. शो संध्याकाळी, आम्ही दुपारीच हजर. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दहीभाताचं मोठं पातेलं, मुलांसाठी शंकरपाळे. दोन फोल्डिंग टेबलं. गाडीच्या मागे डिकीच्या दाराखाली जागा अपुरी पडत होती, म्हणून आम्ही एक टेबल थोडं पुढे सरकवलं. गाड्यांच्या दोन रांगांमध्ये जो रस्ता असतो ना, त्यात. "आता सगळ्या गाड्या लागल्यात, इथून कोण जाणारे?" असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी कशाला, मीच म्हणाले.

आमच्या पुढे-मागे सगळ्यांनी तेच केलं होतं. कोणाचा तंबू, कोणाच्या खुर्च्या, कोणाचा ग्रिल. पलीकडे कॉलेजातल्या पोरांचा घोळका बिअरचा खेळ खेळत होता. त्यांचा आवाज वाढत गेला तशी आम्ही आमच्या मुलांना अलीकडच्या बाजूला बसवलं. बस, तेवढंच.

मग एकदम तो आवाज थांबला. सात-आठ गाड्यांपलीकडे एक मुलगा खाली पडला होता. एकोणीस-वीसचा असेल. डोळे पांढरे. उन्हाने की पिऊन, की दोन्हीने, माहीत नाही. त्याच्या मैत्रिणीने 911 ला फोन लावला. अँब्युलन्स मैदानावरच होती, मिनिटात लॉटच्या तोंडाशी आली, आणि अडकली. पहिला तंबू उचलला, दुसरा उचलला, मग खुर्च्या, मग एक पेटता ग्रिल. तो उचलणार कसा? आणि मग आमचं टेबल. आम्ही धावलो. पातेलं उतरवलं, ताटं गोळा केली, पण टेबलाचा एक पाय मिटेना. घाईत कळ दाबली जात नव्हती. तिघं मिळून आम्ही ते टेबल तसंच, तंगड्या वर करून, गाडीवर टाकलं. तोवर अँब्युलन्समधली माणसं गाडी सोडून स्ट्रेचर हातात घेऊन आमच्यासमोरून पळत गेली होती.

त्याला नेलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. बरा झाला असेल असं मी स्वतःला सांगते. किती वेळ वाया गेला, तेही सांगता येणार नाही, घड्याळ कोणी बघितलं नाही. पण त्यातला काही वेळ आमच्या टेबलाने खाल्ला, एवढं नक्की.

आम्ही प्यायलो नव्हतो. दंगा करत नव्हतो. घरचं सात्त्विक खात होतो. तरी वाट अडवली होती ती आम्हीच. "ते लोक" आणि "आपण" हा हिशेब त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी त्या जागेने टेलगेटिंग सरसकट बंद केलं. ग्रुपवर सगळे चिडले. मी चिडू शकले नाही. पण "बरं झालं" असंही म्हणवलं नाही. कारण बंद झालं त्यात त्या मुलाची बिअर होती, आमचं रस्त्यातलं टेबल होतं, आणि शेजारच्या गाडीतल्या आजी टपावर झाकण ठेवून डब्यातलं खात होत्या, तेही होतं. या तिन्ही गोष्टी एकच आहेत का?

तेव्हापासून असा कुठलाही नियम दिसला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हा नियम कोणाचा जीव सांभाळतो की कोणाचा गल्ला? हा प्रश्न लावला की यादी आपोआप दोन ढिगांत पडायला लागते. चला, एकेक बघू.

पहिला नियम: एका गाडीला एकच जागा, आणि मधल्या रस्त्यावर काहीही नाही. हा जीव सांभाळणारा. यात वाद घालायला जागाच नाही. मित्रासाठी शेजारची जागा खुर्ची ठेवून अडवणं हेही यातच आलं. एसटीत रुमाल टाकून सीट धरणारे आपण, आपल्याला हे जड जातं, मला माहीत आहे. तरी पाळायचं.

दुसरा: उघडी आग, कोळसा, ग्रिल. हाही बहुतेक ठिकाणी जीवाचाच. शेकडो गाड्या, प्रत्येकीत पेट्रोल, गवतावर पार्किंग असेल तर ऑगस्टमधलं वाळलेलं गवत, आणि शो सुरू व्हायच्या घाईत गाडीखाली लोटलेले अर्धवट विझलेले निखारे. जागा कशी आहे यावरही बरंच असतं. कॅलिफोर्नियातलं शोअरलाइन अँफिथिएटर 1986 मध्ये सुरू झालं. ते जुन्या कचरा डेपोवर बांधलेलं आहे. पहिल्या मोसमात तिथे लॉनवर लोकांनी लायटर पेटवले आणि खालून झिरपणाऱ्या मिथेनने छोट्या आगी लागल्या. बसायच्या जागेखाली काय आहे हे प्रेक्षकाला कसं कळणार? ते जागा चालवणाऱ्यालाच माहीत असतं. तेव्हा आगीच्या बाबतीत त्यांचं ऐकावं. आपल्याला तसंही ग्रिलची फारशी गरज नाही, आपलं निम्मं प्रवासाचं जेवण गार खायचंच असतं. दशम्या, धपाटे, पुऱ्या, मेतकूट-भात. शिदोरी या शब्दातच ते आलं.

तिसरा: ज्यांच्याकडे तिकीट नाही त्यांनी लॉटमध्ये यायचं नाही. हा वरवर गल्ल्याचा वाटतो, पण याला इतिहास आहे. ग्रेटफुल डेड नावाच्या बँडच्या मागे गावोगाव फिरणारे हजारो लोक असायचे, तिकीट असो-नसो. पार्किंगमध्येच त्यांचा बाजार भरायचा. 2 जुलै 1995 ला इंडियाना राज्यात डीअर क्रीक इथे बाहेरच्या जमावाने कुंपण पाडलं आणि लोक आत घुसले. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ज्या बँडने आयुष्यभर मोकळेपणाचे गोडवे गायले, त्याच बँडला चाहत्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की तिकीट नसेल तर येऊ नका. 2023 च्या मे महिन्यात आपल्या मेटलाइफ स्टेडियमवर टेलर स्विफ्टचे शो झाले, तेव्हाही तिकीट नसलेल्यांनी पार्किंग लॉटमध्ये जमू नये असं आधीच जाहीर झालं होतं. माझी मुलगी तेव्हा हिरमुसली होती. तिकीट परवडलं नव्हतं, निदान बाहेरून ऐकू असा तिचा बेत होता.

तिकीट नसलेला माणूस म्हणजे संकट, असं मात्र मी म्हणणार नाही. 2024 च्या जुलैमध्ये म्युनिकला त्याच गायिकेच्या शोला स्टेडियमशेजारच्या टेकडीवर हजारो लोक चादरी टाकून फुकट ऐकत बसले होते. टेकडी सार्वजनिक उद्यानाची, बसायला ऐसपैस जागा, ये-जा करणाऱ्या गाड्यांचा प्रश्न नाही. थोडक्यात, जागा असेल तर लोक शहाण्यासारखे बसतात. पार्किंग लॉट ही ती जागा नव्हे. एवढाच त्याचा अर्थ.

चौथा: दारू. इथे माझं मत अनेकांना आवडणार नाही, दोन्ही बाजूंच्या. पार्किंगमधली दारू बंद असावी असंच मला वाटतं. त्यात संस्कृतीचा प्रश्न कुठेच नाही, प्रश्न साधा आहे: तिथे वय कोणी तपासत नाही. इथे दारूसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात. आत काउंटरवर आयडी बघतात. बाहेर कूलर उघडा, कोणीही हात घाला. आणि पार्किंग लॉटमध्ये आलेला जवळपास प्रत्येक जण रात्री अकराला गाडीत बसून घरी जाणार असतो. त्या पोराचा चेहरा बघितल्यावर मला यात दुसरी बाजू दिसत नाही.

पण मग आतलं काय? बाहेर तीन डॉलरची बिअर पिणं हा जीवाला धोका, आणि तीच बिअर आत चौदा डॉलरला घेतली की धोका नाही? गाडी तर तोच माणूस चालवणार आहे! आत बार चालवणाऱ्याने बाहेर व्यसनमुक्तीचं कीर्तन करू नये. फुटबॉलच्या सामन्याला तिसरा क्वार्टर संपला की बिअरची विक्री थांबवायची पद्धत आहे. तशीच मर्यादा प्रत्येक कॉन्सर्टला का नको? शेवटच्या तासाभरात विक्री बंद करा. बाहेरची बंदी आणि आतली मर्यादा एकत्र आणलीत, तर मी मानेन की तुम्हाला जीवाची काळजी आहे. नुसती बाहेरची आणलीत तर मला गल्ल्याचा आवाज ऐकू येतो.

पाचवा: लॉट शोच्या जेमतेम तासभर आधी उघडायचा, आणि शो संपला की लगेच हाकलायचं. सांगतात की हे गर्दी टाळण्यासाठी. मला यातलं गणित कळत नाही. पाच तास आधीपासून येणारे लोक थोडेथोडे येतात. सगळ्यांना एकाच तासात बोलावलं तर पार्कवेची एक्झिट तुंबणारच. परतीचंही तेच. सगळे एकदम निघतात म्हणून लॉटमधून बाहेर पडायला दीड तास लागतो. त्याऐवजी ज्यांना थांबायचं आहे त्यांना तासभर थांबू द्या. डबा खातील, पाणी पितील, चालवणारा जरा ताजातवाना होईल, मग निघतील. रात्री साडेअकराला दमलेल्या, पेंगुळलेल्या माणसाला "चला, निघा" म्हणून हायवेवर ढकलणं यात कुठली सुरक्षा आली?

आणि सहावा, ज्यावरून ग्रुपवर रण पेटलं: खाणं आणि पाणी.

टेबल रस्त्यात नाही, आग नाही, दारू नाही. गाडीच्या आत किंवा डिकीत बसून माणूस डबा खातोय. याने कोणाचा जीव धोक्यात येतो? कचऱ्याचं कारण सांगतात. कबूल, कचरा होतो. मग पिंपं ठेवा, करणाऱ्याला दंड करा. मधुमेह असलेल्या माणसाने, लहान मूल असलेल्या आईने, कांदा-लसूणही न खाणाऱ्या आपल्या जैन मैत्रिणीने काय करायचं? आत गेल्यावर तिच्यासाठी फ्रेंच फ्राइज आणि प्रेट्झेल. हा शुद्ध गल्ल्याचा नियम आहे.

आणि पाण्याच्या बाबतीत गल्ल्याचा नियम जीवावर उठतो, हे जगाने बघितलं आहे. 1999 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी, जुन्या हवाई तळावर, वुडस्टॉकचा तिसाव्या वर्षाचा महोत्सव झाला. कडक ऊन, मैलभर काँक्रीट, गेटवर लोकांकडचं खाणं-पाणी काढून घेतलेलं, आणि आत पाण्याची बाटली 4 डॉलरला. 1999 चे 4 डॉलर! लोक उन्हाने कोसळत होते. शेवटच्या रात्री जाळपोळ आणि लुटालूट झाली. त्याला इतरही कारणं होती, पण तहानलेल्या माणसाला लुटण्यापासून त्याची सुरुवात झाली हे विसरून चालणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात भयंकर उकाड्यात टेलर स्विफ्टच्या शोला 23 वर्षांची एक मुलगी दगावली. आत पाण्याच्या बाटल्या न्यायला मनाई होती. त्यानंतर तिथल्या सरकारला हुकूम काढावा लागला की लोकांना पाणी नेऊ द्या आणि आतही फुकट पाणी पुरवा. जे आधी सहज करता आलं असतं, ते एक जीव गेल्यावर केलं.

आपल्याकडे निदान अनेक मोठ्या ठिकाणी आता पारदर्शक झिपलॉक पिशवीत थोडं खाणं आणि सीलबंद पाण्याची बाटली नेऊ देतात. जाण्याआधी त्या त्या जागेच्या साइटवर नीट वाचा, शोप्रमाणे नियम बदलतात. पण तिथेच हेही दिसेल की अनेक ठिकाणी लॉनवर स्वतःची घडीची खुर्ची न्यायला बंदी, आणि आत तीच खुर्ची भाड्याने मिळते. जीव की गल्ला? तुम्हीच ठरवा.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हे नियम सगळ्यांना सारखे नाहीत.

मॅसॅच्युसेट्समध्ये टँगलवूड आहे, बॉस्टन सिम्फनीचं उन्हाळी घर. तिथे लोक हिरवळीवर टेबलक्लॉथ अंथरतात, मेणबत्त्या लावतात, घरून आणलेली वाइन उघडतात. कोणी हटकत नाही. शिकागोजवळच्या रॅव्हिनियाची तर ओळखच ती. आणि लॉस एंजेलिसचं हॉलिवूड बोल बघा. 1922 पासून चालू, जागा काउंटीची. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या संस्थेचा स्वतःचा कार्यक्रम असेल तर घरची वाइन आत नेता येते. बाहेरच्या आयोजकाने जागा भाड्याने घेऊन शो लावला असेल तर नाही. त्याच पायऱ्या, तीच बाकं, तोच डोंगर. वाइन कालची सुरक्षित होती ती आज धोकादायक कशी झाली? संगीत बदललं, आयोजक बदलला, आणि बारचा हिशेब बदलला.

मला व्हायोलिनवाल्यांची पिकनिक बंद पाडायची नाही. उलट माझं म्हणणं आहे की ती चालते, वर्षानुवर्षं नीट चालते, म्हणजे ती चालवता येते. मग रॅप ऐकणाऱ्यांना, कंट्री ऐकणाऱ्यांना, आणि अरिजित ऐकायला आलेल्या आपल्या काका-मावशींना आधीच दंगेखोर का धरायचं?

गल्ल्याबद्दल थोडं. 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने, आपल्या न्यू जर्सीसह अनेक राज्यांना सोबत घेऊन, लाइव्ह नेशन आणि तिकीटमास्टरवर मक्तेदारीचा खटला भरला. देशातल्या वरच्या 100 अँफिथिएटरपैकी 60 पेक्षा जास्त या एका कंपनीच्या मालकीची किंवा ताब्यात आहेत, असं सरकारने त्यात म्हटलं. कंपनीने आरोप नाकारले. खटल्याचं मला इथे काही म्हणायचं नाही. पण एवढी मैदानं एका हातात असतील तर "इथले नियम आवडत नाहीत, दुसरीकडे जाऊ" हा पर्याय आपल्याला उरत नाही. दुसरीकडेही बहुधा तेच नियम असणार.

मग आपण काय करू शकतो? बरंच.

यातल्या कितीतरी जागा सार्वजनिक आहेत. शोअरलाइन माउंटन व्ह्यू शहराचं. हॉलिवूड बोल काउंटीचं. आणि आपल्या होल्मडेलचं पीएनसी बँक आर्ट्‌स सेंटर, 1968 मध्ये गार्डन स्टेट आर्ट्‌स सेंटर म्हणून सुरू झालेलं, ते न्यू जर्सी टर्नपाइक प्राधिकरणाच्या मालकीचं आहे. ज्यांना आपण रोज टोल देतो तेच. चालवते कंपनी, पण जमीन लोकांची. सार्वजनिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. टाऊनशिप कौन्सिलला तर प्रत्येक बैठकीत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो, तसा आपल्या राज्याचा कायदा आहे. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी आपण त्या माइकसमोर उभे राहिलोच होतो ना? पाय लटपटत होते, तरी बोललो.

तिथे जाऊन "टेलगेटिंग हा आमचा हक्क आहे" असं म्हणू नये असं मला वाटतं. ते खोटं ठरेल, आणि अँब्युलन्स अडवणाऱ्याला हक्काची भाषा शोभत नाही. मागणी साधी असावी:

एक, लॉटचा एक कोपरा कुटुंबांसाठी राखून ठेवा. दारू नाही, आग नाही, टेबल आखलेल्या रेषेच्या आत.

दोन, मधला रस्ता लाल पट्ट्यांनी आखा, आणि त्यात जे काही असेल ते उचलून न्या. आमचं असलं तरी.

तीन, लॉटमध्ये आणि आत, दोन्हीकडे फुकट पिण्याचं पाणी.

चार, शोनंतर तासभर थांबायची मुभा, आणि शेवटच्या तासात आत दारूविक्री बंद.

पाच, नियम तिकीट विकताना सांगा. शोच्या दिवशी सकाळी ईमेलने नव्हे.

यातली एकही गोष्ट महागडी नाही. आपल्या मंडळाच्या पिकनिकला काउंटी पार्कात आपण दरवर्षी परमिट काढतो, ठरलेल्या जागी ग्रिल लावतो, वेळेत आवरतो, पिशव्या भरून कचरा नेतो. दोनेकशे माणसं असतात. जमतं ते. मग तिथेही जमेल.

आणि ज्यांना वाटतं की एवढ्याशा गोष्टीसाठी काय बैठकीला जायचं, त्यांना एवढंच सांगते. या देशात अनोळखी माणसाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलायच्या जागा फार थोड्या आहेत. घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून ऑफिसच्या पार्किंगमध्ये. त्या ऑगस्टच्या दुपारी, ते सगळं घडायच्या आधी, शेजारच्या गाडीतल्या आजींनी आमची लसणाची चटणी चाखली होती आणि डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागितली होती. त्यांनी आम्हाला घरचा पीच पाय दिला. त्या पेनसिल्व्हेनियाहून अडीच तास गाडी चालवून एकट्या आल्या होत्या. नवऱ्याबरोबर याच बँडला तरुणपणी ऐकलं होतं म्हणाल्या. अँब्युलन्स आली तेव्हा त्याही आमच्या टेबलाचा पाय मिटवायला धडपडत होत्या. माझ्यासाठी टेलगेटिंग म्हणजे त्या आजी आहेत. सरसकट बंदीत पहिली जाते ती त्यांची खुर्ची. बिअरवाले काय, ते गाडीत बसून काचा वर करून पितातच.

ते टेबल अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे. तो पाय अजूनही नीट मिटत नाही. नवरा दर वर्षी म्हणतो टाकून देऊ, मी देत नाही.

यंदा तुमच्यापैकी कोणी कुठे जाणार असाल तर जरूर जा, मजा करा, जिथे परवानगी आहे तिथे मनसोक्त जेवा. फक्त टेबल गाडीच्या पुढच्या बाजूला, रेषेच्या आत लावा. आणि कोणी "आता इथून कोण जाणारे?" असं म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा.